तिसऱ्या ओळीतला चौथा चौकोन

अनघा, नील,

तुम्हा दोघांना मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून साधं लिहिते आहे. सावकाश वाचा. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा. त्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे.

आत्याआजी जाऊन आज पंधरा दिवस झाले. तुमच्या आजोबांची ती थोरली बहीण, माझी नणंद. मी तिला अक्का म्हणत असे. ती गेल्याचं कळवलं तेव्हा फोनवर तुम्ही विचारलंत की ती जन्मभर आपल्याकडेच का राहिली आणि देवळाच्या पायरीवरूनच का परत फिरायची. मी म्हटलं, तिचा स्वभाव. ते खरं नव्हतं.

दुसरं कारण नीलचा फोटो. मागच्या महिन्यात त्याने नव्या नोकरीवरून पाठवलेला. हातात काडेपेटीएवढं यंत्र, ते लोखंडी नळाला टेकवलं आहे आणि नळाची जाडी आकड्यात दिसते आहे. नील, ते यंत्र मी तुझ्या आधी पाहिलं आहे. शहाद्यात, साठीच्या दशकात, कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्यात. तेव्हा ते उचलायला दोन माणसं लागत. त्याने मोजलेले आकडे मी लिहून घेतले होते. त्यातल्या एका आकड्याने आत्याआजीचं पुढचं आयुष्य ठरलं.

हे सांगायला हवं होतं ते तिला. म्हणून आता तिच्याशीच बोलते. तुम्ही ऐका.

*

अक्का, आपलं भांडण अर्धवट राहिलं. चाळीसहून जास्त वर्षं आपण एकाच गोष्टीवर भांडलो. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, कधी सहा-सहा महिने अजिबात नाही आणि मग एकदम एखाद्या दुपारी. दर वेळी तुम्ही एक प्रश्न विचारत होता आणि दर वेळी मी दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर देत होते. मुलींना मी वर्गात सांगत असे की प्रश्न नीट वाचा, विचारलं असेल तेवढंच लिहा. घरी मी ते कधीच केलं नाही.

मी लग्न होऊन शहाद्याला आले तेव्हा मला अहिराणी येत नव्हती. तुम्हाला शाळेतली मराठी येत नव्हती. तुमच्या भावाने आपली ओळख करून दिली आणि ते जिनाच्या कचेरीत निघून गेले. तुम्ही मला चुलीपाशी बसवलं आणि कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठात माझा हात धरून घातला. पहिली भाकरी तुटली, दुसरी तुटली. तिसरी झाली तशी तुम्ही ती तुमच्या यजमानांना, दाजींना वाढली आणि सांगितलं की कॉलेज शिकेल बाईना हातनी शे, नाव ठेवाचं नाही. दाजींनी नाव ठेवलं नाही. ते कशालाच नाव ठेवत नसत. त्यांना फक्त बॉयलरबद्दल बोललेलं चालत नसे.

दाजी जिनातले बॉयलरवाले. दाबाचा काटा, पाण्याची नळी, आग, सगळं त्यांच्या ताब्यात. त्या विलायती धुडाची ते काळजी घेत तशी तुमचीही घेत नव्हते, हे तुम्हीच हसत हसत सांगत असायच्या. पण त्या बॉयलरवर तुमचाही हक्क होता. तुमच्या सासूबाईंनी घातलेला रिवाज होता की खंडेनवमीला बॉयलरची पूजा बॉयलरवाल्याच्या बायकोने करायची. समोरच्या पत्र्यावर, खाली, उजव्या भट्टीच्या दाराशेजारी शेंदूर आणि तेल लावायचं. दर वर्षी आधीच्या थरावर नवा थर. हंगामात बॉयलर तापला की तो शेंदूर भाजून विटेसारखा कडक होई. मी पाहिला तेव्हा तो थर तळहाताएवढा होता, दोन बोटं जाड, आणि लांबून पाहिलं तर खरोखर देव बसल्यासारखा दिसे. जिनात येणारा प्रत्येक माणूस आधी तिथे हात जोडत होता. हमाल, गाडीवान, मालक, सगळे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून यंत्र आलं. बॉयलर जुना झाला होता. तपासणीवाले पूर्वी हातोडीने पत्रा वाजवून बघत, शंका आली तर भोक पाडून जाडी मोजत आणि भोक बुजवत. पण बॉयलरच्या पुढच्या भागात, तळाशी, आतून माणूस पोचत नाही असा कोपरा होता. तिथे पाण्याचा गाळ बसतो आणि पत्रा आतून गंजतो. नवीन यंत्राला आत जायची गरज नव्हती. ते बाहेरूनच लोखंडात आवाज सोडी, आपल्या कानाला ऐकू न येणारा. तो पत्र्याच्या मागच्या कडेवर आपटून परत येई, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून पत्रा किती जाड ते कळे. मी तुम्हाला हे समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, म्हणजे मडकं वाजाडीसन लेतस तसंच. मी हसले होते. तसंच होतं ते.

यंत्राबरोबर आलेले साहेब दक्षिणेकडचे होते. तरुण, किडकिडीत. त्यांना इंग्रजी येई आणि थोडी हिंदी. कापसाच्या तंतूंनी त्यांना सारख्या शिंका येत होत्या. ते आकडा बोलणार आणि कुणीतरी लिहून घ्यायचा, असं ठरलं. ते काम तुमच्या भावाचं होतं, पण ते हिवतापाने पडलेले. मालकांनी विचारलं की मास्तरीणबाई येतील का. मी गेले. मला फार आवडलं ते जाणं, अक्का. खरं सांगते. लग्नानंतर इतकं इंग्रजी मी कुणाशीच बोलले नव्हते.

दोन दिवस काम चाललं. पत्र्यावर खडूने चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात एक जागा खरवडून चकचकीत करायची, तेल लावायचं, कारण मध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरत नाही, आणि मग यंत्राचा बटणाएवढा तुकडा तिथे दाबून धरायचा. पेटीवरच्या गोल काचेत हिरवी रेघ उडे. साहेब ती मोजून आकडा बोलत, मी तो तक्त्यात त्याच चौकोनात लिही. पहिल्याच दिवशी साहेबांनी आणलेलं तेल संपलं तेव्हा दाजी घरी जाऊन तुमची बाटली घेऊन आले. तुम्ही मागोमाग आलात. सगळ्या माणसांसमोर कमरेवर हात ठेवून त्यांना म्हणालात, "सरनं मन्हा डोकानं तेल. आते बॉयलरनी येनी भी घाली द्या." साहेबांनी मला अर्थ विचारला. डोक्याचं तेल संपलं, आता बॉयलरची वेणीही घाला, असा तो मी इंग्रजीत सांगितला तेव्हा ते शिंका विसरून हसले. दाजी मान खाली घालून हसत होते. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिसऱ्या ओळीतल्या चौथ्या चौकोनाशी आलो. तिथे तुमचा देव होता.

साहेब म्हणाले, खरवडा. कुणी हललं नाही. दाजींनी कानस खाली ठेवली आणि तुम्हाला निरोप पाठवला. तुम्ही आलात. तुम्ही आरडाओरडा कराल असं मला वाटलं होतं, आणि साहेबांसमोर तसं झालं तर काय, या विचाराने मी आधीच लाजले होते. तुम्ही फक्त विचारलं, हे मोजल्याने काय कळेल. मी म्हटलं, पत्रा पातळ झाला असेल तर कळेल, दाजींच्या जिवाचा प्रश्न आहे. तुम्ही देवाला हात जोडले. मग म्हणालात, "त्याले इचारीसन मी स्वता काढसू. मंगळवारना दिन."

तो शनिवार होता. साहेब सोमवारी दुपारच्या गाडीने जाणार होते, पुढे गुजरातेत यंत्राची वाट पाहत होते. ते चिडले नाहीत. ते म्हणाले की तो चौकोन रिकामा ठेवा, शेऱ्यात कारण लिहा, आणि ती जागा वेगळी तपासल्याशिवाय बॉयलर पेटवू नका असं मी मालकांना लिहीन. एवढं सरळ होतं ते.

रविवारी दुपारी मी खिडकीशी बसून तक्ता चांगल्या अक्षरात उतरवला. सगळे आकडे जागच्या जागी बसले. एक चौकोन पांढरा राहिला. शेऱ्याच्या रकान्यात मी इंग्रजी वाक्य जुळवायला लागले. शेंदूर कसा लिहायचा, बॉयलरवर देव आहे हे कसं लिहायचं, देवाला विचारायला मंगळवार लागतो हे कसं लिहायचं. कच्च्या कागदावर तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. हा कागद मुंबईच्या कचेरीत फिरेल, साहेबलोक वाचतील आणि आपल्याला हसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आजूबाजूच्या चारही चौकोनांतले आकडे जवळपास सारखे होते. मी त्यांच्या मधला आकडा काढला आणि पांढऱ्या चौकोनात लिहिला. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, अक्का. कुणाची घाई नव्हती, कुणाचा दबाव नव्हता. तक्ता पूर्ण दिसावा एवढ्यासाठी मी ते केलं.

सोमवारी मी तो साहेबांना स्टँडवर नेऊन दिला. गाडी सुटायला आली होती. त्यांनी पेटीच्या झाकणावर ठेवून सह्या केल्या, एक प्रत मालकांच्या माणसाला दिली आणि मला म्हणाले की इतका स्वच्छ तक्ता त्यांनी मुंबईतही पाहिलेला नाही. ते रिकाम्या चौकोनाचं विसरले. मी आठवण केली नाही. घरी परतताना मी खूश होते.

आणि मंगळवारी तुम्ही शब्द पाळला. पहाटे नव्हे, चांगलं ऊन वर आल्यावर, डोक्यावरून न्हाऊन ओल्या लुगड्याने तुम्ही जिनात गेलात. मी बरोबर होते. तुम्ही नारळ ठेवला, देवाशी काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. मग कोमट तेल सोडत सोडत, लाकडी पट्टीने, कुठे ओरखडा न काढता तुम्ही तो थर सोडवला. दोन तास लागले. तो वाटीसारखा अख्खा निघाला. तुम्ही तो पदरात घेतला, चालत गोमाई नदीवर नेऊन सोडला, आणि परत येऊन मला म्हणालात, "आते साहेबले परत बलावा. जागा मोकळी व्हयनी."

मी म्हटलं, "गरज नाही, अक्का. बाजूने मोजून झालं ते."

तुम्ही मला काही विचारलं नाही, दाजींनीही नाही. मी इंग्रजी शिकलेली होते.

माघात बॉयलर त्याच जागी फाटला. हंगाम ऐन भरात होता. दाजी समोर उभे होते, कारण त्यांची जागाच समोर होती. उकळतं पाणी आणि वाफ त्यांच्यावर आली. त्यांना धुळ्याला नेलं. ते तीन दिवस जगले आणि तिन्ही दिवस शुद्धीवर होते. तुम्ही त्यांच्याजवळ होता. त्या तीन दिवसांबद्दल तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत आणि मी ऐकायला तयार नव्हते.

मी बॉयलर बघायला गेले होते, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही धुळ्याला होता तेव्हा गेले. फाटलेल्या पत्र्याची कड बाहेर वळली होती. शेजारचा पत्रा अंगठ्यापेक्षा जाड होता. ती कड भाकरीच्या तव्याच्या पत्र्याएवढी पातळ होती.

चौकशी झाली. मुंबईहून माणसं आली, तक्ता टेबलावर पसरला. तिसऱ्या ओळीतल्या चौथ्या चौकोनात आकडा होता, चांगला जाड. मला विचारलं, हे अक्षर तुमचं का. मी हो म्हटलं. विचारलं, साहेब बोलले तेच लिहिलंत का. मी हो म्हटलं. त्यांनी लिहिलं की यंत्राने त्या जागी चुकीची जाडी दाखवली असावी. त्या शिंकणाऱ्या साहेबांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

आणि गावाने आपला निकाल दिला. मुंबईच्या यंत्राने पत्रा जाड दाखवला होता, तरी तो फाटला. मग काय बदललं होतं? एवढंच, की तिथला देव काढला होता. कुणी काढला? ज्याचा जीव गेला त्याच्याच बायकोने.

तुम्ही तुमच्या मुलीला, कमलला घेऊन आमच्याकडे राहायला आलात. तेव्हा ती चार वर्षांची होती. त्यानंतर मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, एकही दिवस घरच्या कामासाठी रजा न घेता, कारण घरी तुम्ही होता. माझी दोन्ही बाळंतपणं तुम्ही काढली. माझ्या मुलाला, या नातवंडांच्या बापाला, पहिला घास तुम्ही भरवला. माझ्या निरोपसमारंभात लोक माझ्या वक्तशीरपणाबद्दल बोलले. साडेदहाच्या शाळेसाठी तुम्ही रोज नऊ वाजता ताट मांडत होता.

देवळात मात्र तुम्ही गेला नाहीत. मला दारापर्यंत पोचवायच्या आणि पायरीवर चपलांपाशी बसायच्या. खंडेनवमीला घरात विळी, शिलाईयंत्र, कमलची सायकल यांची पूजा मी करी, तुम्ही हळदीकुंकवाला हात लावत नव्हता. "देव काढा मी, म्हनीसन गया तो," एवढंच म्हणायच्या. मी चिडायची. गाळ कसा साठतो, लोखंड आतून कसं झिजतं, शेंदराचा त्याच्याशी काय संबंध, पाटीवर चित्र काढून समजवायची. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि मग तो प्रश्न विचारायच्या.

"मशीननी ती जागा मोजी व्हती ना? मंग ती फाटनी कशी?"

तुमचं बरोबर होतं, अक्का. मोजलेली जाड जागा चार महिन्यांत तव्याएवढी पातळ होत नाही. मी जे सांगितलं होतं ते खरं धरलं तर देवाचा कोप हेच एक उत्तर उरत होतं. तुम्ही अडाणी म्हणून ते मानत नव्हता. माझ्यावर विश्वास होता म्हणून मानत होता. मी एक वाक्य बोलले असते, की ती जागा कधी मोजलीच नाही, तर तुम्ही त्याच संध्याकाळी देवळाची पायरी चढला असता. माझं तोंड पाहिलं असतं की नाही, ते मला सांगता येत नाही. मी चाळीसहून जास्त वर्षं गप्प राहिले ती त्यामुळेच. तुमच्या भावालाही सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही नाही.

तुम्ही जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी कमल मारुतीचा शेंदूर घेऊन आली. तुमच्या कपाळाला लावायला तिने बोट पुढे केलं. तुम्हाला मान हलवायची ताकद नव्हती, चमच्याने पाणी पाजावं लागत होतं. तरी तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवलं. कमल पुन्हा पुढे झाली. तुम्ही डोळे घट्ट मिटून घेतले. मी पलीकडे पाण्याचं भांडं घेऊन उभी होते. शब्द तयार होते, मराठीतही आणि तुमच्या अहिराणीतही. मी भांडं खाली ठेवलं, तुमची चादर सारखी केली आणि बाहेर गेले.

दहाव्याला आम्ही प्रकाशा गावी तापीवर होतो. विधी आटोपल्यावर जिनातला एक म्हातारा हमाल घाटावर बसून आपल्या नातसुनेला ओळख सांगत होता, की ही कोण बाई गेली. "तिनी देव काढा, म्हनीसन बॉयलर फुटना," असं त्याने सांगितलं. त्यात वाईट हेतू नव्हता. ती सून हात जोडून ऐकत होती. कमलनेही ऐकलं. तिने हे लहानपणापासून ऐकलेलं आहे.

परतताना गाडीत मी तिला सगळं सांगितलं. कमल आता पन्नाशीला आली आहे आणि माझ्याशी तुमच्यासारखंच अहिराणीत बोलते, एकेरीत. त्या दिवशी तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग शाळेतल्या मराठीत, शब्द वेगळे करत बोलली. "मामी, तुम्ही अकरा दिवस आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

ती त्यानंतर घरी आलेली नाही. तिने यावं असं मी म्हणणार नाही.

जिनाची जागा विकली गेली, तिथे आता दुकानं आहेत. बॉयलर भंगारात गेला. चौकशीचे कागद कुठे आहेत, आहेत की नाहीत, कुणाला माहीत नाही. तुम्ही गेलात, दाजी केव्हाचे गेले. मी कमलला सांगितलं, नातवंडांना लिहिलं, उद्या त्या हमालाच्या घरी जाऊन त्यालाही सांगणार आहे. पण तो ऐंशीच्या पुढे आहे, त्याला ऐकू कमी येतं, आणि शहाद्यात ही गोष्ट सांगणारा तो एकटाच नाही. देव काढला म्हणून बॉयलर फुटला, ही गोष्ट अजून सांगितली जाते, आणि तिच्यात तुमचं नाव आहे.